खाडीतील मत्स्यसंपदा आणि पाण्यातील प्राणवायू
(भाषणाचा मजकूर)



गोव्यातील खाडीकाठच्या कोणत्याही गावाला अपरिचित नसलेले एक दृश्य आहे. पहाटे मानशीवर गेलेल्या माणसाला पाण्यावर पांढरी पोटे वर करून तरंगणारे मासे दिसतात. त्यात शेवटे असतात, काळुंदर असतात, क्वचित हातभर लांबीचा चोणकही असतो. तासाभरात गाव जमते आणि पाण्यात कोणीतरी विष सोडले असा एकच बोलबाला होतो. दुपारी खात्याची मंडळी येतात, बाटलीत पाणी भरून नेतात, आणि काही आठवड्यांनी अहवाल येतो, की विषाचा अंश आढळला नाही, पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झाल्यामुळे मासे मेले. दप्तरी प्रकरण तेथे मिटते. गावाच्या मनात मात्र ते मिटत नाही. आपल्याला वाटेला लावले, अशी भावना तेवढी उरते.

वस्तुतः या वादात दोन्ही बाजूंच्या पदरी सत्याचा एकेक तुकडा असतो. प्राणवायू कमी झाला हे पुष्कळदा अगदी खरे असते. परंतु ते उत्तर नव्हे. माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘श्वास बंद पडला’ एवढेच लिहिले तर कोणाचे समाधान होईल? श्वास प्रत्येकाचाच बंद पडतो; तो कशाने बंद पडला हे सांगावयाचे असते. खाडीच्या पाण्यातला प्राणवायू कोणी खाल्ला, हा प्रश्न विचारल्यावाचून चौकशी पुरी होत नाही. आणि तो विचारावयाचा तर मासा पाण्यात कसा जगतो, हे प्रथम समजून घेणे अवश्य आहे.

आपण ज्या हवेत वावरतो तिच्यात सुमारे एकवीस टक्के प्राणवायू असतो. एक लिटर हवेत तो अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक भरतो. पाण्याची गोष्ट निराळी. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळू शकतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्याहून कमी, सुमारे सव्वासहा मिलिग्रॅम. म्हणजे मासा हा जन्मतःच टंचाईच्या मुलखात राहणारा प्राणी. त्यातून पाणी जसे तापते तसा त्यातील प्राणवायू घटतो आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढते, कारण उष्ण पाण्यात त्याच्या शरीराचे व्यापार जलद चालतात. उत्पन्न कमी आणि खर्च जास्त, असा हा एप्रिल-मे महिन्यांचा संसार असतो. देशांतर्गत जलाशयांच्या वर्गवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मत्स्यजीवनास योग्य अशा ‘ड’ वर्गातील पाण्यासाठी प्राणवायूची किमान मर्यादा दर लिटरमागे ४ मिलिग्रॅम ठरविली आहे. पूर्ण भरलेल्या घागरीतही साडेसात, आणि चाराच्या खाली धोका. मधली पुंजी किती तुटपुंजी आहे हे यावरून ध्यानी यावे.

ही पुंजी सर्वांत अधिक कशाने सरते? कारखान्यातील जहाल रसायनांकडे आपले लक्ष प्रथम जाते. प्रत्यक्षात घरगुती सांडपाणी, खाटीकखान्याची घाण, मासळी धुतलेले पाणी, उसाचा वा फळांचा चोथा असे साधे, कुजणारे पदार्थच या कामात पुढे असतात. त्यांत विष नसते. परंतु ते कुजविणारे सूक्ष्म जीवाणू कोट्यवधींनी वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. गटार नदीला मिळाले की त्या जागी मासे मरतीलच असे नाही. कुजण्याची क्रिया पाण्याबरोबर वाहत जाते आणि सर्वांत वाईट अवस्था पुष्कळदा काही अंतर खाली, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत उद्भवते. घाण एका गावची आणि मेलेले मासे दुसऱ्या गावचे, असा हा न्याय आहे. सासष्टीतील साळ नदी मडगाव परिसरातून वाहत बेतूलला समुद्रास मिळते. वरच्या शहरी वस्तीचे सांडपाणी आणि खालच्या मच्छीमारांची उपजीविका यांचे नाते तेथे कोणालाही पाहता येईल. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत गोव्यातील अकरा पट्टे होते आणि साळ त्यांपैकी एक होती.

सांडपाण्याबरोबर नत्र आणि स्फुरदही येतात. शेतातून वाहून आलेल्या खतांचा वाटा त्यात मिसळतो. त्या खाद्यावर शेवाळ माजते, पाणी हिरवे दाट होते. दिवसा सूर्यप्रकाशात हेच शेवाळ प्राणवायू बाहेर टाकते, त्यामुळे भर दुपारी तपासणी केली तर पाणी अगदी उत्तम असल्याचा निर्वाळा मिळतो. रात्री मात्र शेवाळही श्वास घेते, जीवाणूही घेतात, मासेही घेतात. देणारा कोणी नसतो. सूर्योदयापूर्वी साठा तळाला लागतो. पहाटे मेलेले मासे आणि दुपारी ‘ठीक’ निघालेले पाणी यांत विसंगती काही नाही. नमुना चुकीच्या वेळी घेतला गेला, इतकेच. पहिल्या पावसाच्या वेळीही असाच घात होतो. चार-पाच महिने गटारांत आणि नाल्यांत साचलेली सर्व घाण एका रात्रीत खाडीत उतरते, वर गोड्या पाण्याचा लोंढा येऊन खारटपणा एकदम बदलतो, आणि आधीच उन्हाने जेरीस आलेल्या माशांना तो धक्का सोसत नाही.

मेलेले मासे निदान दिसतात तरी. खाडीचे खरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच त्याची तक्रारही होत नाही.

प्राणवायू मरणाइतका कमी नसला तरी पुरेसा नसेल, तर मासा काय करतो? तो कल्ले जोरजोराने हलवितो, पृष्ठभागाशी येतो, खाणे कमी करतो. जी शक्ती वाढीकरिता आणि अंडी भरण्याकरिता वापरावयाची ती नुसत्या श्वासोच्छ्वासात खर्च होते. मासा जगतो, पण लहान राहतो. मादी अंडी घालते, पण थोडी. अशा दुबळ्या माशाला परोपजीवी कृमी आणि बुरशी लवकर गाठतात. जाळ्यात सापडलेला मासा हातात घेऊन जुना मच्छीमार म्हणतो की ‘पूर्वीचा मासा असा नव्हता’, तेव्हा त्या बोलण्याला केवळ गतकाळाचा उमाळा समजून सोडून देणे बरोबर नाही.

याचा अर्थ नीट उमगण्यासाठी आपल्याच खाडीतील तीन माशांची चरित्रे पाहावीत. शेवटो, ज्याला महाराष्ट्रात बोय म्हणतात, हा गोव्याचा राज्यमासा. तो अंडी घालतो समुद्रात. परंतु त्याची बोटभरही नसलेली पिले खाडीत शिरतात, खारफुटीच्या मुळांशी आणि खाजनातील उथळ पाण्यात वाढतात. कोळंबीच्या अनेक जातींचाही हाच क्रम आहे. म्हणजे समुद्रातील उद्याच्या मासळीचे पाळणाघर आपल्या गावच्या मानशीच्या आत आहे. चोणकाची कथा तर अधिक विलक्षण. कोकणात रायगडकडे जिताडा म्हणून नावाजलेला हा मासा पिलूपण खाडीत आणि गोड्या पाण्यात घालवितो, प्रथम नर म्हणून वयात येतो, आणि कित्येक वर्षांनी मोठा झाल्यावर त्याची मादी होते. अंडी घालणारी मादी हवी असेल तर आधी एका पिलाने नदीतली आणि खाडीतली ही सगळी वर्षे सुखरूप पार पाडली पाहिजेत. एखाद्या उन्हाळ्यात पिले गुदमरून गेली, तर त्याचा हिशेब त्या वर्षीच्या बाजारात दिसत नाही. तो पुष्कळ वर्षांनी दिसतो, आणि तोवर कारण सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते.

काळुंदर मात्र पक्का गृहस्थ. तो बुडालेल्या दगडावर वा लाकडावर अंडी चिकटवितो आणि नर-मादी दोघेही त्यांची राखण करतात. परांनी वारा घालावा तसे पाणी हालवीत राहून अंड्यांना ताजा प्राणवायू पोहोचवितात. आता त्या दगडावर चिखलाचा थर बसला तर या आईबापांनी कितीही कष्ट घेतले तरी उपयोग काय?

चिखलाचा विषय निघाला की खनिजाचा विषय टाळता येत नाही, आणि टाळूही नये. गोव्याच्या अर्थव्यवस्थेत खाणींनी अनेक दशके मोठा वाटा उचलला, हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटली. परंतु त्या काळात उघड्या पडलेल्या डोंगरांवरील आणि ढिगाऱ्यांवरील माती दर पावसाळ्यात ओढ्या-नद्यांतून मांडवी-जुवारीत उतरत राहिली. हा गाळ माशाच्या कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांत अडकतो, पाण्यात प्रकाश शिरू देत नाही, आणि तळावर गोधडीसारखा पसरतो. पोहणारा मासा दूर पळू शकतो. तिसऱ्या आणि खुबे कोठे पळणार? राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालव्यातील शिंपल्यांचे उत्पादन खाणींच्या गाळामुळे सत्तर टक्क्यांहून अधिक घटल्याचे आणि तळातील मूळचे जीवजंतू जवळजवळ नाहीसे झाल्याचे नमूद केले होते. न्यायालयीन आदेशांमुळे २०१२ साली, आणि पुन्हा २०१८ साली, खाणकाम थांबले. त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर ते पुन्हा सुरू होऊ लागले आहे. तळाशी बसलेला जुना गाळ मात्र आदेशाने उठत नसतो. ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभे राहून खुबे वेचणाऱ्या स्त्रियांचे नाव कोणत्याही खाणपट्ट्याच्या कागदावर कधी नव्हते. त्यांचे उत्पन्न बुडाले तेव्हा ते कोणत्या सदराखाली नोंदवावे, हाही प्रश्नच होता.

खाडी सोडून बाहेर समुद्रात गेले तरी प्राणवायूचा हा प्रश्न पाठ सोडत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड पाणी तळाकडून वर सरकत येते. त्या पाण्यात खाद्यक्षार विपुल असतात, म्हणून पावसाळ्यानंतर तारले आणि बांगडे यांची रेलचेल होते; पण त्याच पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो. वरचा गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो आणि खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तळाच्या पाण्यातील प्राणवायू जवळजवळ संपतो, काही वेळा कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायूही तेथे निर्माण होतो. दोनापावल येथील समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून कांदोळीसमोरील ठराविक ठिकाणी याची नियमित मोजदाद करीत आली आहे. २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात तेथील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मत मांडले की ही मुळात निसर्गाची घडामोड असली तरी जमिनीवरून समुद्रात जाणाऱ्या नत्रामुळे ती तीव्र होत असावी.

येथे एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. ‘हे नैसर्गिक आहे’ हे वाक्य सरकारी कागदावर फार सोयीचे असते. परंतु ज्या महिन्यांत निसर्गच माशाचा श्वास आखडता घेतो, त्याच महिन्यांत माणसाने सोडलेल्या घाणीचा घाव अधिक खोल जातो. दमेकऱ्याच्या खोलीत धूर केला तर दमा आधीपासून होता, असे म्हणून धूर करणारा सुटत नाही.

अर्थात मासळी कमी झाली की सगळा दोष प्रदूषणाच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. बारीक आसाची जाळी, किनाऱ्याजवळ फिरणारे ट्रॉलर, १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळातील चोरटी मासेमारी, बुजविलेली खारफुटी ही कारणे आहेतच. मानशीच्या बाबतीत तर गावानेही स्वतःकडे पाहावे. सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आपल्या पूर्वजांनी बांध घालून समुद्रापासून राखली. मानशीची दारे भरती-ओहोटीबरोबर आपोआप मिटावीत आणि उघडावीत, अशी त्यांची बांधणी. मासेमारीच्या लोभाने दारे अवेळी उघडी ठेवली तर भात खारावते. नादुरुस्त दारे महिनोगणती बंद पडून राहिली तर आतल्या पोंयीतले पाणी साचते, तापते, कुजते, आणि मग एका पहाटे मासे वर येतात. अशा वेळी विष घालणारा शत्रू शोधीत बसण्यापेक्षा दाराचे बिजागर आधी पाहिलेले बरे.

विषाच्या घटना मुळीच घडत नाहीत, असाही याचा अर्थ नव्हे. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात वेळसांवच्या किनाऱ्यावर एका खत कारखान्याच्या आर्सेनिकयुक्त सांडपाण्यामुळे मासे मेले, लोक रस्त्यावर उतरले, आणि गोव्यात जलप्रदूषणाची चर्चा खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाली. १९७४ साली केंद्राने जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम केला. त्याच्या कलम ३१ नुसार अपघाताने विषारी वा प्रदूषक द्रव्य पाण्यात गेले, तर त्या जागेच्या प्रमुखाने राज्य मंडळाला तत्काळ कळविणे बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना घेताना संबंधिताला नोटीस द्यावी लागते, नमुन्याचे त्याच्यासमक्ष दोन भाग करून मोहरबंद करावे लागतात. ही रीत पाळली नाही तर पुढे न्यायालयात तो नमुना पुरावा म्हणून टिकत नाही. गावकऱ्याने कळकळीने भरून आणलेली शीतपेयाची बाटली यासाठीच कायद्यात बसत नाही. ती दिशा दाखविण्यापुरती उपयोगी.

तरीही गावकऱ्याची नजर हा चौकशीचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव साक्षीदार असतो. अधिकारी पोहोचेपर्यंत पाणी वाहून गेलेले असते, भरती येऊन गेलेली असते. म्हणून काय पाहावे हे ठाऊक असले पाहिजे. प्राणवायू संपून मासे मरतात तेव्हा ते बहुधा उत्तररात्री वा पहाटे मरतात, मरण्यापूर्वी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, आणि मोठे मासे प्रथम मरतात. मरळ आणि मागूर यांसारखे, वर येऊन हवा घेऊ शकणारे मासे अशा वेळी पुष्कळदा वाचतात. विषाच्या बाबतीत चित्र बदलते. मासे दिवसाच्या कोणत्याही वेळी मरतात, लहान पिले बहुधा आधी जातात, मासे वेडेवाकडे भोवंडतात, मरळही सुटत नाही, आणि पाण्यातले किडे, खेकडे, बेडूकही मेलेले आढळतात. ही लक्षणे म्हणजे निकाल नव्हे, परंतु किती वाजता, भरती होती की ओहोटी, आदल्या रात्री पाऊस झाला का, पाण्याचा रंग आणि वास कसा होता, कोणते मासे आधी गेले, एवढे पाच-सहा मुद्दे पंचायतीच्या वहीत त्याच वेळी लिहून ठेवले, तर प्रयोगशाळेच्या अहवालाला अर्थ येतो. मासा तपासणीस द्यावयाचा तर सडलेला देऊन उपयोग नाही. अद्याप धडपडणारा वा नुकताच मेलेला घ्यावा आणि बर्फात ठेवावा. पाणी केवळ मेलेल्या माशांजवळचे न घेता वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचेही घ्यावे. ही तुलनाच गुन्हेगाराकडे बोट दाखविते.

प्राणवायूचा नमुना मात्र जागच्या जागी स्थिर करावा लागतो, नाहीतर वाटेत तो बदलतो. दुपारी भरून संध्याकाळी उघडलेल्या बाटलीतील आकडा पहाटेच्या खाडीविषयी काहीही सांगत नाही. याची रीत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली शोधली आणि ती आजही वापरात आहे. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ती शिक्षकाच्या देखरेखीखाली करता येण्यासारखी आहे. बूच असलेली काचेची बाटली पाण्याखाली बुडवून, आत एकही बुडबुडा न राहू देता भरावयाची; लगेच तीत मँगनीज सल्फेटचे आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण सोडून बूच घट्ट लावावयाचे आणि बाटली उलटसुलट करावयाची. दुसरे द्रावण दाहक असल्याने ते शिक्षकांनीच हाताळावे. अचूक आकडा काढण्यास पुढे आणखी कृती आहे. तथापि पाण्यात प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका धरतो, आणि जितका प्राणवायू अधिक तितका तो गडद. साका पांढराच राहिला तर त्या पाण्यात श्वास घेण्याजोगे काही उरलेले नाही, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही काठावर उभ्याउभ्याच दिसते. अशी बाटली मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून एकदा, सूर्योदयापूर्वी, एकाच ठिकाणी भरावी आणि तारखेसह नोंद ठेवावी. दोन-तीन वर्षांची अशी वही ज्या गावापाशी असेल, त्या गावाला ‘प्राणवायू कमी झाला’ एवढ्यावर परत पाठविणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जाणार नाही.